वाढत्या अंगाचा कॉस्च्युम घेऊ नका

परभणीहून एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगी तेरा वर्षांची आहे. शालेय स्पर्धेत 14 वर्षांखालच्या गटात 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोक आणि 200 मीटर आयएमसाठी (एकाच शर्यतीत चारही स्ट्रोक) तिची विभागातून राज्याला निवड झाली. हातात तीन आठवडे आहेत. आजवर ती फ्रॉकच्या कॉस्च्युमवर पोहत आली. सोबतचे पालक म्हणतात, सोळा हजारांचा गुडघ्यापर्यंतचा रेसिंग सूट घ्या. घरात आजीला काळजी की मांड्या उघड्या दिसतील. नेमका कोणता प्रकार घ्यावा? आणि दहा वर्षांचा मुलगाही पोहतो, त्याचंही सांगा.

भाऊ, आधी सरळ उत्तर देते, मग कारणं सांगते. गुडघ्यापर्यंतचाच कॉस्च्युम घ्या, पण सोळा हजारांचा नको. पॉलिएस्टरचा, पाठीला मोकळा, मध्यम रुंदीच्या पट्ट्यांचा, काळा किंवा गडद निळा. एकाच मापाचे दोन घ्या, एक सरावाला आणि एक फक्त शर्यतीला. दोन्ही मिळून सहा-सात हजारांत बसतील. आणि माप आजचं घ्या.

हे मापाचं मी सगळ्यांना पहिल्यांदा सांगते. लातूरला चोवीस वर्षं पोहायला शिकवते आहे, आणि लेकरांचं सगळ्यात जास्त नुकसान याच एका सवयीनं झालेलं पाहिलं आहे. आपल्याकडं गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, बुटात अंगठ्यापुढं बोटभर जागा ठेवतात. त्यात चूक काही नाही, पैसा कष्टाचा असतो. पण तोच हिशेब कॉस्च्युमला लावला की पाण्यात घात होतो. माझ्याकडची एक मुलगी विभागीय स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलला उतरली होती. कॉस्च्युम नवाकोरा, चांगल्या कंपनीचा, फक्त एका मापानं मोठा. तिनं सूर मारला तसं गळ्यातून पाणी आत शिरलं आणि पोटापाशी पिशवी झाली. दहा-बारा हात मारले असतील, उजवा पट्टा खांद्यावरून घसरला. पोहता पोहता तिनं तो दोनदा वर ओढला आणि चौथी आली, तिसरीच्या हातभर मागं. बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून गप्प बसली. तिची आई मला म्हणाली, "मॅडम, मीच म्हणलं होतं, दोन वर्षं जाईल." त्या माऊलीचा चेहरा अजून डोळ्यांपुढं येतो.

कापड पाण्यात ओलं झालं की सैलावतं. म्हणून घरात घालून बघताना कॉस्च्युम आरामशीर वाटला तर तो मोठा आहे असंच समजा.

शिंप्याकडची टेप आणा आणि माप तिच्या आईला घेऊ द्या. छाती, कंबर, सीट ही तीन मापं सगळेच घेतात. चौथं राहून जातं, आणि मुख्य तेच. टेपचं टोक एका खांद्याच्या मधोमध ठेवायचं, टेप छातीवरून खाली, दोन्ही पायांच्या मधून मागं न्यायची आणि पाठीवरून वर आणून त्याच खांद्याला मिळवायची. हा धडाचा वेढा. तेरा-चौदाव्या वर्षी मुली बघता बघता उंच होतात. छातीचं माप फारसं बदललं नाही तरी धड लांबतं. मग नुसत्या छातीच्या मापावर घेतलेला कॉस्च्युम खांद्यात रुततो आणि जांघेत कापतो. छाती एका मापात आणि वेढा त्याच्या वरच्या मापात येत असेल तर वेढ्याला झुकतं माप द्या. तक्ता ज्या कंपनीचा कॉस्च्युम घेणार तिचाच बघा. एका कंपनीचा 30 आणि दुसरीचा 30 सारखे नसतात. आपल्या भागात असला माल बहुतेक ऑनलाइनच मागवावा लागतो, म्हणून बदलून मिळण्याची सोय असेल तिथूनच घ्या आणि नीट बसल्याची खात्री होईपर्यंत लेबल काढू नका.

कॉस्च्युम आला की दिवाणखान्यातच परीक्षा घ्या. दोन्ही हात डोक्यावर जोडून, दंड कानांना टेकवून ती ताणून उभी राहू दे, भिंत सोडताना राहते तशी. मागं कमरेच्या खळग्यात कापडाची चुणी पडते का, गळ्याशी फट राहते का, ते बघा. पट्ट्याखाली अंगठा जावा, मूठ जाऊ नये. मग खाली बेडकासारखं बसू दे, गुडघे वाकवलेले, टाचा बाहेर. ब्रेस्टस्ट्रोकची किक त्या बैठकीतूनच निघते. बसताना खांदे खाली ओढले गेले किंवा मांडीवरचं कापड गोळा होऊन वर चढलं तर परत पाठवा. गुडघ्यावरची कड चहूबाजूंनी चिकटून हवी. कड फडफडत असेल तर त्यातून पाणी आत शिरतं, आणि त्यापेक्षा जांघेपाशी कापलेला साधा वन-पीस बरा.

फ्रॉकच्या कॉस्च्युमला मी नावं ठेवत नाही. त्याच्यामुळंच आपल्या गावांतल्या कितीतरी मुलींना घरून पाण्यात उतरायची परवानगी मिळाली. उन्हाळी शिबिरात, शिकताना, तो ठीकच आहे. शर्यतीत मात्र तो तिचे सेकंद खातो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असतं, आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. म्हणजे कपड्याचा दोष सगळ्यात जास्त कुठं बाधतो? जिथं वेग जास्त तिथं: सूर मारल्यावर आणि भिंतीला पाय देऊन सुटल्यावर. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तर प्रत्येक सुटकेनंतर पाण्याखाली एक लांब ओढ, एक डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली) आणि एक ब्रेस्ट किक एवढंच करायला मिळतं. बाकी वेळ अंग बाणासारखं सरकत असतं. नेमकं तेव्हाच फ्रॉकची झालर छत्रीसारखी उघडते आणि भिंतीनं दिलेला सगळा वेग तिथंच जिरतो.

माझ्या शब्दावर विसंबू नका, तलावावर करून बघा. मुलीला भिंतीवरून ढकलून हातपाय न हलवता सरकू द्या, आणि ती जिथं थांबेल तिथं काठावर खडूनं खूण करा. फ्रॉकवर पाच वेळा, नव्या कॉस्च्युमवर पाच वेळा, मधे पुरती विश्रांती देऊन. दर वेळी ढकलणं सारखंच जोरकस होत नाही, म्हणून पाच. खुणा बघून घरातल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. मी नवा कॉस्च्युम पारखायला अजून हीच पद्धत वापरते.

आता सोळा हजारांच्या सूटकडं येते. दुकानदार त्याला ऑलिंपिकचा सूट म्हणतात, म्हणून त्याची गोष्ट माहीत असलेली बरी. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला स्पीडोचा एलझेडआर रेसर गाजला. अंगाला आवळून धरणारं कापड, त्यावर पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकचे पट्टे, आणि टाक्यांची शिवण न घालता सांधलेले जोड. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपन्यांनी अख्खे सूटच पॉलियुरेथेनचे काढले. 2009 च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत 43 विश्वविक्रम झाले. जर्मनीच्या पॉल बीडरमाननं तिथं 200 मीटर फ्रीला मायकेल फेल्प्सला मागं टाकलं. ते सूट पोहणाऱ्याला तरंगायलाच मदत करत होते. म्हणून 1 जानेवारी 2010 पासून नियम बदलले: सूट कापडाचाच हवा, जाडी 0.8 मिलिमीटरच्या आत, चेन नको, मुलांचा बेंबीच्या खाली सुरू होऊन गुडघ्याशी संपणारा, मुलींचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. रोमलाच ब्राझीलच्या सेझार सिएलोनं 100 मीटर फ्रीला 46.91 सेकंदांचा विक्रम केला होता. तो 2022 मध्ये रोमच्या त्याच तलावात रोमानियाच्या सतरा वर्षांच्या डेव्हिड पोपोविचीनं 46.86 नं मोडला, आणि त्याच्या अंगावर होता तो कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा, कापडाचाच जॅमर.

आजचे महागडे सूटही काही देतात, नाही असं नाही. ते मांड्या आणि पोट आवळून धरतात, थकल्यावर कंबर खाली जाऊ देत नाहीत, पाणी शोषत नाहीत. पण हा फायदा मिळतो तो भरलेल्या अंगाच्या, पक्क्या तंत्राच्या पोहणाऱ्याला, तोही स्प्रिंटमध्ये, म्हणजे कमी अंतराच्या शर्यतीत, जास्त. तेरा वर्षांच्या मुलीचं अंग मुळातच सडपातळ. तिचा वेळ जातो तो डोकं वर राहण्यात, टर्नला दोन्ही हात एकदम न लागण्यात, किकनंतर पाय अर्धवट मिटण्यात. अमेरिकेच्या जलतरण संघटनेनं 2020 पासून बारा आणि त्याखालच्या वयाच्या मुलांना असे सूट घालायला बंदीच केली. तुमची मुलगी त्या वयाच्या जरा पुढं आहे, पण कारण तिलाही लागू पडतं.

ब्रेस्टस्ट्रोकला तर मी जास्तच सावध असते, त्याला माझीच एक चूक कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलीनं मामानं आणलेला कडक रेसिंग सूट थेट स्पर्धेच्या दिवशी घातला आणि मी हो म्हणलं. सरावात एकदाही घातलेला नव्हता. कापड मांडीला इतकं धरून होतं की तिचे गुडघे नेहमीएवढे उघडेनात, किक अरुंद झाली, आणि शेवटच्या पंचवीस मीटरला तिच्यात काही उरलं नाही. रोजच्या सरावात तिचं टायमिंग त्याहून चांगलं होतं. फ्रीस्टाइल आणि बटरफ्लायवाल्यांना जो आवळपणा मदत करतो, तोच ब्रेस्टवाल्यांना अडवतो. सहज ताणलं जाणारं पॉलिएस्टर गुडघ्यापर्यंत असलं तरी किकला वाट देतं. तुमच्या मुलीच्या आयएममध्ये चारही स्ट्रोक आहेत, म्हणून पाठ मोकळी घ्या. बॅकस्ट्रोक आणि फ्लायला खांदा मागं पूर्ण फिरावा लागतो. अगदी बारीक दोरीसारखे पट्टे सवय नसलेल्या मुलीच्या खांद्याला काचतात, फार रुंद पट्टे खांद्याची हालचाल धरतात, म्हणून मधले.

पैशाचंही एक बोलते. 2016 चा उन्हाळा आपण कुणी विसरणार नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. प्यायलाच पाणी नव्हतं, तलाव कुठून भरणार? त्या जानेवारीत एका शेतकरी वडिलांनी मुलीसाठी पुण्याहून महागडा सूट आणला होता. तो पिशवीतच राहिला. पुन्हा पाणी मिळालं तोवर मुलगी चार बोटं वाढली होती. आपल्या भागात हंगाम कधी हुकेल सांगता येत नाही आणि लेकरं वाढायची थांबत नाहीत. या वयात तोच पैसा चांगला गॉगल, सिलिकॉनची टोपी आणि पुण्याच्या बालेवाडीसारख्या 50 मीटरच्या तलावावर आधी जाऊन दोन दिवस सराव करण्यावर घाला. 25 मीटरच्या तलावात शिकलेल्या लेकराला 50 मीटरची लांबी पहिल्यांदा बघून धडकी भरते. ती सवय कोणत्याही कापडापेक्षा जास्त कामाला येते. (टोपीखाली केसांना तेल नको. टोपी घसरते, आणि तेल कापडातल्या लवचीक धाग्यालाही चांगलं नाही.)

आजींची काळजी मी मनावर घेते, कारण माझ्या घरातूनही ती आली होती. त्यांना सांगा, गुडघ्यापर्यंतचा हा प्रकार नियमातच आहे आणि ऑलिंपिकमधल्या मुलीही तोच घालतात. नियम खांद्याच्या पुढं बाही आणि गुडघ्याच्या खाली कापड येऊ देत नाही, म्हणून त्याहून झाकणारा हवा असेल तर आयोजकांकडून आधी लेखी परवानगी घ्या. ऐनवेळी कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी पोहणाऱ्यांना जमवतात त्या खोलीत, वाद नको. पण प्रकार ठरवताना मुलीला विचारा, एकटीला, आईनं. स्टार्टिंग ब्लॉकवर उभी राहिल्यावर तिचं लक्ष कॉस्च्युम खाली ओढण्याकडं असेल तर शिट्टी तिला ऐकू येईल, पण ती तयार नसेल. मी मुलींना हे तोंडावर विचारते: यात तुला मोकळं वाटतं का? "हो" यायला वेळ लागला तर तो कॉस्च्युम बाजूला ठेवते.

आत अंतर्वस्त्रं घालू देऊ नका. आपल्याकडच्या बऱ्याच मुली घालतात. त्यांच्या शिवणी पाण्यात काचतात, पट्टे बाहेर दिसतात, आणि नियमाप्रमाणं अंगावर एकच स्विमसूट असायला हवा. त्याऐवजी पुढच्या बाजूला छातीपासून खालपर्यंत अस्तर असलेला कॉस्च्युम घ्या. फिका रंग टाळा. ओला झाल्यावर, आणि धुऊन धुऊन विरल्यावर, तो पारदर्शक होतो. पारदर्शक कॉस्च्युम नियमात बसत नाही आणि रेफरी मुलीला थांबवू शकतात. मुलीच्या वाट्याला तो प्रसंग येऊच नये.

आणि तेरा वर्षांची आहे म्हणून हेही सांगते. स्पर्धेच्या तारखा पाळीच्या तारखांशी जुळतात का, ते आईला आत्ताच बघू द्या. पॅड पाण्यात उपयोगाचं नाही. टॅम्पॉन किंवा कप हे पर्याय आहेत, पण ते स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा वापरायचे नाहीत. घरात बोलायला अवघड जात असेल तर एखाद्या महिला कोचशी किंवा डॉक्टरबाईंशी तिला बोलू द्या. गडद रंग मी सुचवला त्याचं हेही एक कारण आहे.

मुलाचं सोपं आहे. सरावाला साधी ब्रीफ, शर्यतीला पॉलिएस्टरचा जॅमर, कमरेला नाडी असलेला. नाडीची गाठ आतल्या बाजूला पक्की बांधायला शिकवा, नाहीतर सूर मारताच जॅमर खाली सरकतो. बर्म्युडा किंवा खिसे असलेली चड्डी अजिबात नको.

आता निगा, कारण मराठवाड्यात कॉस्च्युम पोहून कमी आणि वाळवून जास्त खराब होतो. कापडातला ताण लायक्राच्या धाग्यामुळं असतो, आणि क्लोरीन, ऊन, उष्णता ही तिन्ही त्याची वैरी. नायलॉन-लायक्राचा कॉस्च्युम रोज क्लोरीनच्या पाण्यात तीन-चार महिन्यांत ढिला पडतो, पॉलिएस्टर किंवा पीबीटीचा (तोही पॉलिएस्टरचाच प्रकार) कितीतरी जास्त टिकतो. म्हणून मी पॉलिएस्टर म्हणाले. उन्हाळ्यात तलावावर गर्दी वाढली की ब्लिचिंग पावडरही जास्त पडते. पोहून झालं की लगेच साध्या गार पाण्यात खळबळून काढा. बोअरचं पाणी जड असतं, कापडावर क्षार बसून ते कडक होतं. शेवटचं पाणी शक्यतो नळाचं किंवा पिण्याचं असू द्या, तांब्याभर पुरतं. साबणाची वडी नको, ब्रश नको, मशीन तर नकोच. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत पसरा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या उन्हात वाळवला तर एका हंगामात पापडासारखा कडक होतो. तलावाच्या काठाला खडबडीत शहाबादी असते, तिच्यावर बसायचं झालं तर खाली टॉवेल घ्यायला सांगा, नाहीतर मागच्या बाजूला धागे निघतात आणि तिथूनच कापड विरतं.

तीन आठवडे पुरेसे आहेत. माप आज घ्या, मागणी आज-उद्या करा, म्हणजे बदलायची वेळ आली तर आठवडा हातात राहतो. दुसऱ्या आठवड्यात शर्यतीचा कॉस्च्युम दोनदा घालायचा: एकदा फक्त सूर आणि टर्नसाठी, एकदा पूर्ण 100 मीटर ब्रेस्ट जोरात. त्यानंतर तो धुऊन ठेवून द्यायचा. स्पर्धेच्या दिवशी वॉर्मअप सरावाच्या कॉस्च्युमवर, मग अंग पूर्ण कोरडं करून शर्यतीचा घालायचा. ओल्या अंगावर तो चढत नाही, आणि ओढाताणीत नख लागून फाटतो. नखं आदल्या दिवशी कापा. आधी मांड्यांवर नीट चढवून जांघेपर्यंत बसवायचा आणि मगच धड वर ओढायचं. मांडीशी राहिलेली ढिलाई नंतर खांद्यातून ओढून भरून निघत नाही. याला दहा मिनिटं धरा. दुसरा कॉस्च्युम कोरडा करून बॅगेत असू द्या, पट्टा तुटला तर तोच घालून ती उभी राहील.

शर्यत झाल्यावर टायमिंग कळवा. 100 मीटरचं पहिल्या 50 चं आणि दुसऱ्या 50 चं वेगळं, आणि तिला किती किक लागल्या तेही मोजून ठेवा.